क्लच पेडलच्या स्विचमधील बिघाड कसा शोधावा

क्लच पूर्ण दाबलेला असूनही डॅशबोर्डवर ‘क्लच दाबा’ अशी सूचना येत राहते, चावी फिरवली तरी सेल्फचा साधा ‘टक्’ आवाजही होत नाही, महामार्गावर क्रूझ कंट्रोल लागत नाही, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची सोय एकाएकी थांबते किंवा गिअर बदलताना क्लच दाबताच इंजिनाची गती उगाच चढते. वरवर पाहता या तक्रारींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. तरीही या सगळ्यांच्या मुळाशी क्लच पेडलच्या वरच्या बाजूला बसवलेला एक लहानसा स्विच आणि त्याच्या वायरी असू शकतात. हा भाग स्वस्त असल्यामुळे ‘आधी स्विच बदलून बघू’ असे गॅरेजमध्ये सहज म्हटले जाते, आणि त्याने काम झाले नाही की सेल्फ मोटर उतरवण्यापर्यंत मजल जाते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. स्विचला वीज पुरवणारा फ्यूज, त्याला दाबणारे पेडल, त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग), ईसीयूपर्यंत म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकापर्यंत जाणारी वायर आणि अर्थिंग (गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी) हे सारे तपासून झाल्यावरच स्विचवर ठपका ठेवावा. त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक टॉर्च आणि तासाभराचा निवांतपणा पुरेसा आहे.

स्विच नेमके काय करतो

क्लच दाबलेला आहे की सोडलेला, एवढीच माहिती हा स्विच गाडीला देतो. काही गाड्यांत एकच स्विच असतो, तर काहींत दोन असतात. पेडलच्या वरच्या टोकाशी असलेला स्विच पेडल किंचित हलताच बदलतो आणि त्याच्या संकेतावर क्रूझ कंट्रोल सुटते किंवा ईसीयू गिअर बदलताना इंधनाचे प्रमाण सांभाळते. पेडलच्या शेवटच्या टप्प्यावर असलेला दुसरा स्विच पेडल पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागू देत नाही. म्हणून तक्रार कोणती आहे यावरून कोणता स्विच पाहायचा हे बरेचसे आधीच ठरते: सेल्फ लागत नसेल तर खालच्या टप्प्याचा, आणि क्रूझ कंट्रोल किंवा इंजिनाच्या गतीची तक्रार असेल तर वरचा. आपल्याकडच्या जुन्या, चावीने सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांत क्लच न दाबताही सेल्फ लागतो, त्यामुळे आपल्या गाडीत ही अडवणूक मुळात आहे का, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहून मगच पुढे जावे.

बहुतेक स्विच दोन वायरींचे असतात आणि आतला बारीक दांडा दाबला किंवा सोडला गेला की त्यांचा संपर्क जुळतो किंवा तुटतो. काही गाड्यांत मात्र क्लचच्या मास्टर सिलिंडरवर तीन वायरींचा चुंबकीय सेन्सर असतो. त्याची तपासणी वेगळ्या रीतीने करावी लागते, ती पुढे येईल.

कामाला हात घालण्यापूर्वी

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. आपल्याकडे उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून ठेवण्याची सवय सर्रास आहे. तपासणीच्या दिवशी मात्र ती कटाक्षाने टाळावी, कारण स्विचला वळसा देऊन, म्हणजे त्याच्या दोन वायरी थेट जोडून, सेल्फ लावून पाहताना गिअरमधली गाडी थेट पुढे झेपावते. स्टिअरिंगखाली पिवळ्या रंगाचे कपलर किंवा पिवळे आवरण असलेल्या वायरी दिसल्या, तर त्या एअरबॅगच्या आहेत असे समजून त्यांना हातही लावू नये. जुन्या पद्धतीचा बल्बवाला टेस्ट लॅम्प ईसीयूच्या संकेतवायरीवर लावू नये. तो मल्टिमीटरपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढतो आणि त्यामुळे नाजूक सर्किटला इजा होऊ शकते.

बॅटरी तपासायला विसरू नये. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. सेल्फ लावताना ‘टक-टक’ आवाज येत असेल आणि दिवे मंद होत असतील, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर शोधावा. दिवे लख्ख आहेत, हॉर्न जोरात वाजतो आणि सेल्फ मात्र पूर्ण गप्प आहे, अशी स्थिती असेल तरच क्लचच्या स्विचकडे वळावे. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत चावीतला सेल उतरला असेल तर त्याची सूचना सहसा वेगळी येते, म्हणून डॅशबोर्डवरील मजकूर नीट वाचावा.

पहिली तपासणी डोळ्यांनी

मीटर हातात घेण्याआधी पेडलजवळचे मॅट बाहेर काढावे. जाड रबरी मॅट सरकून पेडलखाली अडकले की पेडल शेवटपर्यंत जात नाही आणि खालचा स्विच दाबलाच जात नाही. वरून दुसरे मॅट टाकलेल्या गाड्यांत हे नेहमी आढळते. मॅट काढताना त्यावर किंवा गालिच्यावर प्लास्टिकचे बारीक, ठिसूळ तुकडे पडले आहेत का, हे मुद्दाम पाहावे. पेडलच्या दांड्यावर जिथे स्विचचा दांडा टेकतो, तिथे अनेक गाड्यांत एक छोटी प्लास्टिकची किंवा रबराची टोपी बसवलेली असते. ती जुनी होऊन फुटली की स्विचचा दांडा पेडलच्या भोकातून आरपार जातो. मग पेडल दाबलेले असो वा सोडलेले, स्विचला काहीच कळत नाही. अशा वेळी टोपी बदलली की काम होते.

त्यानंतर टॉर्चच्या उजेडात, हाताने पेडल सावकाश दाबून पाहावे. स्विच पेडलच्या समोर सरळ आहे का, त्याचा दांडा पूर्ण आत-बाहेर होतो का आणि पेडल कडेकडेने डुलते का, हे तपासावे. पेडलच्या खिळीतले बुश झिजले की पेडल तिरके चालते आणि स्विचला चुकीच्या जागी टेकते. क्लच हायड्रॉलिक असेल तर टाकीतील तेलाची पातळीही पाहावी. पेडल मऊ लागत असेल, आपोआप खाली बसत असेल किंवा वर येताना रेंगाळत असेल, तर दोष क्लचच्या यंत्रणेत आहे, विजेत नाही. त्या स्थितीत पुढच्या सगळ्या तपासण्या व्यर्थ जातात.

स्कॅनर असल्यास

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावल्यास दोषसंकेत वाचता येतात. या बाबतीत पी ०७०४ किंवा पी ०८३० पासून पी ०८३५ पर्यंतचे संकेत दिसू शकतात. त्यांपैकी ०८३१ म्हणजे पहिल्या स्विचच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी आणि ०८३२ म्हणजे जास्त, आणि ०८३३ पासून पुढचे तीन संकेत दुसऱ्या स्विचच्या सर्किटचे असतात. हे संकेत ‘सर्किट’ म्हणतात, ‘स्विच’ नव्हे. तेवढ्याशा फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच पुष्कळ चांगले स्विच विनाकारण बदलले जातात.

स्कॅनरवर चालू माहितीचा पर्याय असेल तर क्लचची स्थिती दाखवणारी ओळ उघडून पेडल दहा-बारा वेळा कधी सावकाश, कधी जोरात दाबावे. प्रत्येक वेळी स्थिती अचूक बदलत असेल, तर त्या स्विचपासून ईसीयूपर्यंतचा मार्ग ठीक आहे आणि दोष सेल्फच्या रिलेत (सेल्फला वीज जोडणाऱ्या विद्युत स्विचमध्ये) किंवा अन्यत्र शोधावा. मात्र दोन स्विचच्या काही गाड्यांत सेल्फ अडवणारा स्विच ईसीयूला दिसत नाही, तो थेट रिलेच्या मार्गात असतो. अशा वेळी स्कॅनरच्या एका ओळीवर विसंबून राहू नये.

मीटरने मोजमाप

प्रथम फ्यूज पाहावा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावरील आकृतीत त्याची जागा दिलेली असते. चावी चालू ठेवून फ्यूजच्या पाठीवरील दोन्ही उघड्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. एका बाजूला वीज आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर फ्यूज उडालेला आहे. तो तेवढ्याच अँपिअरचा बदलावा आणि पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज घालण्याचा मोह टाळून वायर कुठे बॉडीला टेकली आहे ते शोधावे.

मग चावी बंद करून स्विचचा कपलर काढावा. मीटर ओहमवर ठेवून त्याच्या दोन्ही सळया एकमेकींना टेकवाव्यात आणि जे अल्प मूल्य दिसेल ते लक्षात ठेवावे. आता सळया स्विचच्या दोन पिनांवर धरून पेडल दाबावे आणि सोडावे. एका स्थितीत जवळजवळ शून्य आणि दुसऱ्या स्थितीत तुटलेले सर्किट दिसले, तर स्विच चांगला आहे. दाबल्यावर जुळतो की सोडल्यावर, हे गाडीनुसार ठरते. बदल होतो पण आकडा स्थिर न राहता उड्या मारतो, किंवा जुळलेल्या स्थितीतही काही ओहम दिसतात, तर आतले संपर्क जळालेले आहेत आणि स्विच बदलावा. पेडल अतिशय सावकाश दाबून ही तपासणी पुन्हा करावी, कारण कधी दगा देणारा आणि कधी नीट चालणारा स्विच जोरात दाबल्यावर दोष दाखवत नाही.

स्विच ठीक निघाला तर कपलरच्या हार्नेसकडच्या (गाडीतल्या वायरींच्या जुडग्याकडच्या) बाजूकडे वळावे. चावी चालू करून प्रत्येक पिन आणि बॉडी यांच्यात व्होल्टेज मोजावे. एका पिनवर बॅटरीइतके किंवा काही गाड्यांत ५ व्होल्ट मिळायला हवेत. दोन्ही पिनांवर काहीच नसेल तर पुरवठ्याची वायर तुटलेली असू शकते. ज्या गाड्यांत स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो, तिथे बॅटरीच्या धन टोकाला एक सळई आणि अर्थिंगच्या पिनला दुसरी लावावी. मीटरवर बॅटरीइतके व्होल्ट दिसले तर अर्थिंग जिवंत आहे. यानंतर कपलर जोडून, मागच्या बाजूने बारीक सळई सरकवून संकेतवायरीवरचे व्होल्टेज पेडल दाबताना आणि सोडताना बदलते का, ते पाहावे. स्विचपाशी बदलते पण स्कॅनरवर बदलत नाही, याचा अर्थ मधल्या वायरीत किंवा ईसीयूच्या कपलरमध्ये खंड आहे.

तीन वायरींच्या सेन्सरला ओहम मोजून काही कळत नाही. त्याचा कपलर जोडलेला ठेवूनच पुरवठा, अर्थिंग आणि संकेत या तिन्ही वायरी तपासाव्यात. पुरवठा व अर्थिंग ठीक असूनही संकेत हलत नसेल, तरच सेन्सर बदलावा. त्याच्या पिनांमध्ये तार टाकून पाहण्याचा प्रयोग कधीही करू नये.

पावसाने केलेले नुकसान

कोल्हापुरातील गाड्यांच्या बाबतीत मी सर्वांत जास्त वेळ कपलर आणि वायरींवर घालवण्याचा सल्ला देईन. जून ते सप्टेंबर ओले बूट आणि भिजलेले गालिचे यांमुळे पेडलच्या आसपासची हवा दमट राहते, आणि गगनबावड्याच्या बाजूला नित्य ये-जा असलेल्या गाड्यांत ती महिनोन्महिने सुकत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या गाड्यांत पाणी शिरले होते, त्यांच्या हार्नेसमध्ये ओल मुरली हे कधीकधी वर्षांनंतर कळते. तांब्याच्या पिनांवर हिरवट थर धरलेला असतो किंवा वायरीचे आवरण शाबूत असूनही आतली तार काळवंडून ठिसूळ झालेली असते. जुनी गाडी घेणाऱ्याने ही तपासणी अवश्य करावी. ऊसपट्ट्यात शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही आढळतात.

इथे मल्टिमीटर फसवतो. सगळ्या तारा तुटून एकच उरलेली वायरही ओहममध्ये निर्दोष दिसते, कारण मीटर तिच्यातून नगण्य प्रवाह पाठवतो. दोराचा एकच धागा शिल्लक असला तरी तो ताणून बघेपर्यंत दोर शाबूत वाटतो, तसेच हे. म्हणून सेल्फच्या मार्गातल्या बॅटरी व्होल्टेजच्या वायरीवर, आणि केवळ त्याच वायरीवर, १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब लावून पाहावा. तो मंद पेटला तर वायरीत अडथळा आहे. ईसीयूच्या संकेतवायरीवर हा प्रयोग करू नये. तिथे मीटर जोडलेला ठेवून हार्नेस जागोजागी हळूच हलवावा आणि आकडा कुठे उडी मारतो ते पाहावे. जिथे उडी दिसेल तिथेच आवरण उघडावे. हिरवट थर असलेल्या पिनांना संपर्क साफ करणारा स्प्रे मारून, पूर्ण वाळू देऊन कपलर पुन्हा बसवावा. पिन सैल असेल तर नुसत्या सफाईने दोष परत येतो, ती पिन बदलावी लागते.

वळसा, बदल आणि पडताळणी

सेल्फ अडवणारा स्विच दोन वायरींचा असून दाबल्यावर जुळणारा आहे, याची वरील तपासणीत खात्री पटली असेल, तर कपलरच्या दोन पिनांमध्ये फ्यूज असलेली तार क्षणभर जोडून सेल्फ लावून पाहता येतो. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर असलीच पाहिजे. सेल्फ लागला तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या जागेत आहे. ही तार कायमची ठेवण्याची सूचना कोणी केली तर ती साफ नाकारावी. गिअरमध्ये उभी असलेली गाडी घरातल्या लहान मुलाने चावी फिरवताच उडी मारेल, तो धोका याच स्विचमुळे टळतो.

नवा स्विच घेताना गाडीचा चासी क्रमांक दुकानदाराला द्यावा. ब्रेकचा आणि क्लचचा स्विच दिसायला हुबेहूब असू शकतो, पण एक दाबल्यावर जुळणारा आणि दुसरा सोडल्यावर जुळणारा असतो. कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरच्या परिसरात वायरिंगची कामे करणारे कारागीर सहज मिळतात. त्यांच्याकडे जातानाही आपण मोजलेले आकडे कागदावर लिहून न्यावेत, कारण त्यामुळे त्यांचा अर्धा वेळ वाचतो आणि उगाच स्विच बदलण्याची पाळी येत नाही. आट्यांचा स्विच असेल तर जुना काढण्यापूर्वी त्याचे अंतर मोजून ठेवावे आणि नवा त्याच अंतरावर बसवून लॉकनट आवळावा. स्वतःच अंतर जुळवून घेणारे काही स्विच एकदाच जुळतात, म्हणून ते बसवताना पेडलची स्थिती उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच ठेवावी.

शेवटी स्कॅनरने दोषसंकेत पुसावेत आणि गाडी थंड असताना व नंतर इंजिन तापल्यावर, अशा दोन्ही वेळी सेल्फ लावून पाहावा. क्रूझ कंट्रोलची तक्रार असेल तर मोकळ्या महामार्गावर ते लावून क्लच हलकेच दाबावा, ते तत्काळ सुटले पाहिजे. काही दिवसांनी तोच संकेत परत आला, तर नव्या स्विचला दोष न देता हार्नेस हलवण्याची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी.