शाळेत उंची-वजन घ्यायचंय? आधी जन्मतारखा काढा

पोरं लठ्ठ की हडकुळी हे बघायला शाळेत मोजणी करताना काटा, टेप, पेन, यादी हे कोणीही आणतं. जन्मतारखा मात्र राहून जातात. आदल्या दिवशीच दाखल-खारीज रजिस्टर उघडा आणि प्रत्येक नावापुढे तारीख लिहा. त्याशेजारी मोजणीच्या दिवशी पूर्ण होणारी वर्षं आणि महिने. ऐनवेळी कपाटाची किल्ली असलेले सर तालुक्याला मीटिंगला गेलेले असतात. आणि ‘इयत्ता चौथी’ हे वय नव्हे.

एवढा आग्रह का, तर मोठ्यांच्या बीएमआयचे 25 (जास्त वजन) आणि 30 (लठ्ठपणा) हे आकडे पोरांना लावायचे नसतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की बीएमआय निघतो, पण मुलांचा बीएमआय वय बघून, मुलगा की मुलगी बघूनच वाचायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या तक्त्यात 20 या आकड्याला 8 वर्षांचा मुलगा लठ्ठ ठरतो आणि 12 वर्षांची मुलगी अगदी ठीक. तारीख नसेल तर अख्ख्या शाळेची मोजणी रद्दीत गेली समजा. रजिस्टरात ओळीने 1 जून, 1 जून दिसलं तर त्या अंदाजाने टाकलेल्या असू शकतात. घरचा जन्मदाखला मागवा.

काटा फरशीवर ठेवा. सतरंजीवर नको, सारवलेल्या जमिनीवर तर नकोच. खाली दबलं की वजन चुकतं. किराणा दुकानातून 5 किलोची दोन शिक्क्याची वजनं मागून आणा, काटा बरोबर 10 दाखवतो का ते बघा, मधेमधे पुन्हा बघा. दप्तर, चपला, खिशातल्या गोट्या बाहेर.

उंचीला भिंत अशी निवडा की खाली फरशीची पट्टी पुढे आलेली नसेल, नाहीतर टाच टेकत नाही. टाचा, कुल्ले, पाठ भिंतीला, नजर सरळ, डोक्यावर सुताराचा गुण्या. अंबाडा, जाड हेअरबँड सोडायला लावाच. 8 वर्षांची मुलगी, 34 किलो, 128 सेंटीमीटर: बीएमआय 20.8. त्या वयाच्या मुलीला लठ्ठपणाची रेघ 20.6 ला आहे. अंबाड्यामुळे उंची 130 वाचली की तोच 20.1 होतो आणि पोरगी रेघेखाली निसटते.

आकडा मोठ्याने पुकारू नका. एकेकाला आत घ्या, एकाने मोजावं, दुसऱ्याने लिहावं. सगळ्यांसमोर वजन सांगितलं की ‘जाड्या’ हे नाव शाळा सुटेपर्यंत चिकटतं, आणि ते पोरगं पुढच्या मोजणीला घरीच राहतं. गुबगुबीत तेवढेच निवडून बोलावू नका. त्याच बाकावरची हाडं दिसणारी पोरंही याच तक्त्यात सापडतात.

मोजताना मान बघा. मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा असेल तर तो मळ नव्हे, घासून जात नाही. वजन जास्त असलेल्या मुलात ती रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं काम बिघडू लागल्याची खूण असू शकते. नाव वेगळं लिहा, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

जन्मतारखा झाल्या ना? नसतील तर मोजणीनंतरच्या पालकसभेची चिठ्ठी काढूच नका.

सभा सोयाबीन काढणीत, कापूस वेचणीत किंवा बाजाराच्या दिवशी ठेवली तर रिकाम्या सतरंज्या. माणसं वावरातून परतल्यावर, संध्याकाळी घ्या. शाळेभोवती पडलेली पाच-दहा रुपयांच्या खाऊची पुडकी पोरांकडून गोळा करा आणि मागची बारीक अक्षरं त्यांच्याकडूनच वाचून घ्या. साखर ताटलीत मोजून दाखवा: बहुतेक कोल्ड्रिंकमध्ये 100 मिलीला 10-11 ग्रॅम, म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत पाच चमच्यांहून जास्त. भाकरी, वरण, भाजीला नावं ठेवू नका. मधल्या वेळेला पुडक्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे, अख्खं संत्रं, रस नाही. रोज तासभर धावाधाव. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेची असली पुडकी आणि कोल्ड्रिंक विकायला 2020 च्या नियमाने बंदी आहे, हे दुकानदाराला नीट सांगा, भांडू नका.

उपाशी ठेवायला कोणालाही सांगू नका. उंची वाढत असताना वजन जागेवर राहिलं तरी बहुतेकांना पुरतं. यादीची एक प्रत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला, जन्मतारखेच्या रकान्यासकट. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा, त्याच काट्यावर.