लाकडाचा हीटर काढून हीट पंप बसवताय? अनुदान घेताना या चुका टाळा

अनुदान नाकारलं गेलं की लोकांना वाटतं एखादा कागद कमी पडला असेल, पण कित्येकदा कागद सगळे असतात आणि क्रम चुकलेला असतो. हे पैसे हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं, एसीसारखं यंत्र) घेतल्याबद्दल मिळत नाहीत हो, धूर करणारा जुना हीटर कायमचा बंद केल्याबद्दल मिळतात. त्या धुरातले पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण थेट फुफ्फुसात खोलवर जातात, घरातलं लहान मूल किंवा दम्याचा माणूस आधी त्रासतो, म्हणून तर या योजना आहेत. हे डोक्यात ठेवलंत की जाचक वाटणाऱ्या अटींचा अर्थ लागतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मंजुरी यायच्या आधीच काम उरकणं. थंडी तोंडावर आलेली असते, इन्स्टॉलर म्हणतो उद्या येतो नाहीतर पुढे बरेच दिवस तारीख नाही, आणि आपण हो म्हणून बसतो. ज्या योजनेत आधी मंजुरी लागते तिथे मंजुरीपत्राच्या आधीच्या तारखेचं बिल बाद होऊ शकतं, कधीकधी नुसता ॲडव्हान्स दिला तरी काम सुरू झालं असं धरतात. तोपर्यंत फक्त कोटेशन घ्या, सही नको. आणि पैसे आधी मिळणार की काम झाल्यावर परत मिळणार हेही विचारून ठेवा, कारण परताव्याची योजना असेल तर सगळी रक्कम आधी तुम्हालाच उभी करावी लागते.

जुना हीटर होता याचा पुरावा म्हणून फोटो! हीटर जागेवर असताना, चिमणीच्या पाइपला जोडलेला दिसेल असा एक, आणि मागच्या किंवा बाजूच्या नंबराच्या पाटीचा जवळून एक. त्या पाटीवर काजळीचा थर असतो, हीटर पूर्ण थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, मग मोबाईलचा फ्लॅश बंद करून दुसऱ्या टॉर्चचा उजेड बाजूने तिरका पाडा म्हणजे कोरलेला नंबर उठून दिसतो. समोरून फ्लॅश मारला तर पत्रा चकाकतो आणि नंबर वाचता येत नाही.

काढलेला हीटर विकून टाकू किंवा पाहुण्यांना देऊ, हा विचार सोडून द्या. तो दुसऱ्या घरात पेटला तर धुराचा फक्त पत्ता बदलला. भंगारात दिल्याची तारखेसह पावती घ्या, त्यावर हीटरचा नंबर लिहून मागा. चिमणीचं भोकही उघडं ठेवू नका, गरम हवा तिथून निघून जाते आणि पावसाचं पाणी आत येतं, पण त्याच चिमणीला गॅसचं काही उपकरण जोडलेलं असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय अजिबात बंद करू नका, कार्बन मोनॉक्साईड घरात साठून जीव जाऊ शकतो.

मॉडेल नंबर अक्षर न अक्षर जुळवा. आतलं युनिट आणि बाहेरचं युनिट मिळून जोडी मंजूर असते, स्टॉक नाही म्हणून इन्स्टॉलरने ऐनवेळी दुसरं बसवलं की योजनेच्या मंजूर यादीशी मेळ बसत नाही. बसवणारा माणूस घरात असतानाच युनिटवरची पाटी आणि बिल शेजारी धरून बघा.

साइझच्या बाबतीत लोक जुन्या हीटरचे किलोवॅट सांगून तेवढाच पंप मागतात. तसं नसतं. पंपाच्या जाहिरातीतला आकडा साधारणपणे बाहेर ७ अंश असतानाचा असतो, पारा शून्याखाली गेला की क्षमता घटते, म्हणून तुमच्याकडच्या कडक थंडीतला आकडा मागा आणि घराचा हीट लॉस, म्हणजे घरातून किती उष्णता बाहेर निसटते ते, मोजून घ्या. फार मोठा घेतला तरी तोटाच, सारखा चालू-बंद होत राहतो. छताचं इन्सुलेशन आधी केलंत तर लहान पंपातही भागू शकतं.

बसवल्यावरची नेहमीची तक्रार, "हा गरमच करत नाही". लाकडाच्या हीटरची सवय असते, घर गार पडू द्यायचं आणि मग दणकून पेटवायचं. हीट पंप १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता देतो पण हळूहळू देतो, त्यामुळे तापमान एकसारखं ठेवा. थेट ३० वर नेलंत तर लवकर काही तापत नाही, उलट काही सिस्टिममध्ये आतली हीटिंग कॉइल सुरू होते आणि बिल वाढतं. बाहेरच्या युनिटमधून पांढरी वाफ येते, पंखा काही मिनिटं थांबतो, तो डीफ्रॉस्ट असतो, म्हणजे युनिट स्वतःवरचा बर्फ वितळवत असतं, घाबरू नका. डीफ्रॉस्ट होऊनही बर्फाचा थर तसाच राहिला तर मात्र टेक्निशियन बोलवा, सुरीने खरवडायला जाऊ नका. आणि आतला फिल्टर नियमित धुवा.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि अपिलाची मुदत किती ते त्याच दिवशी बघा. हीटर फोटोशिवायच निघून गेला असेल तर चिमणी साफ केल्याची जुनी बिलं, घराच्या विम्याचे कागद, घरातल्या कार्यक्रमाच्या एखाद्या फोटोत मागे दिसणारा हीटर, असं काय काय सापडतं ते गोळा करा आणि हे पुरावा म्हणून चालेल का ते कार्यालयाला लेखी विचारा.