कातडी बघताना या चुका टाळा: माणसाची फूटपट्टी प्राण्यांना लावू नका

वर बाह्यत्वचा, खाली अंतःत्वचा, तिच्याखाली चरबीचा उपत्वचीय थर. ही उतरंड माणूस, कुत्रा, गाय सगळ्यांत तीच. म्हणून तर फसगत होते, कारण थर तेच असले तरी त्यांची जाडी आणि त्यांतल्या ग्रंथी वेगळ्या असतात.

सगळ्यांत जास्त त्रास देणारी चूक म्हणजे कुत्र्याला आपला शॅम्पू लावणं. दाट केसांमुळे त्याची कातडी राकट वाटते. प्रत्यक्षात केसाळ भागावर बाह्यत्वचेत पेशींचे जेमतेम ३ ते ५ थर असतात. आपल्याकडे साधारण १० ते १५. आपल्या त्वचेचा सामू (pH, आम्लतेचं माप) ५ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी. कुत्र्याचा ७ च्या जवळपास, म्हणजे उदासीन. आपल्या शॅम्पूने अंगचं तेल धुऊन निघतं, कोंडा होतो, कुत्रा खाजवत सुटतो आणि ओरखड्यांतून जंतू शिरतात. कुत्र्यांसाठीचाच शॅम्पू कोमट पाण्यात वापरा. औषधी असेल तर फेस १० मिनिटं अंगावर राहू द्या. लावला आणि लगेच धुतला तर औषध वाया जातं. काखा, जांघा आणि बोटांच्या बेचक्यांत फेस हमखास राहतो. केस उलटे फिरवून तिथली कातडी बोटाला बुळबुळीत लागते का पाहा, लागली तर पुन्हा धुवा.

जनावराच्या अंगातलं पाणी कमी झालंय का हे पाहायला खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडतात. ती झटकन बसायला हवी, तंबूसारखी उभी राहिली तर धोका. पण म्हाताऱ्या किंवा रोडावलेल्या जनावरात लवचिकपणा मुळातच कमी असतो, आणि लठ्ठ जनावरात चरबी लक्षण झाकून टाकते. म्हणून हिरडीलाही बोट लावा: ओलसर हवी, चिकट नको.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रातले बाह्यत्वचेचे ५ स्तर अंगभर असतात, असं विद्यार्थी सर्रास लिहितात. त्यांतला स्वच्छ स्तर (stratum lucidum, पारदर्शक दिसणारा थर) माणसात ठळक दिसतो तो तळहात-तळपायांच्या जाड त्वचेतच.

सापाचा खवला आणि माशाचा खवला एकच समजू नका. सापाचा खवला ही बाह्यत्वचेचीच घडी, म्हणून कात अखंड निघते, डोळ्यावरच्या पारदर्शक खवल्यासकट. हवा कोरडी असली की हाच खवला अडकतो. तो चिमट्याने ओढलात तर खालच्या डोळ्यालाच इजा होते. आधी ओलावा वाढवा. तरी निघाला नाही तर पशुवैद्य.

माशाचा खवला मात्र अंतःत्वचेत रुजलेला असतो. तो उपटला की सरळ जखम होते. कोरड्या हाताने मासा धरला तर वरचा संरक्षक बुळबुळीत थरही निघून येतो, म्हणून हात ओला हवा. बेडकाच्या बाबतीत तर हातावर साबण किंवा जंतुनाशकाचा अंशही नको. तो त्वचेतून श्वास घेतो आणि पाणीही त्वचेतूनच शोषतो, त्यामुळे हाताला जे असेल ते थेट त्याच्या शरीरात जातं.