'ग्लुकोज' शोधलं आणि फसले

आधीची पेटंटं शोधण्याच्या नोकरीत मला मिळालेला पहिला विषय होता सीजीएम, म्हणजे दंडाला चिकटवून सतत साखर मोजणारा सेन्सर. शिक्षण बायोमेडिकलचं, त्यामुळे हे काम हातचा मळ वाटलं. शीर्षकात 'ग्लुकोज' असलेली पेटंटं गोळा केली आणि अहवाल देऊन मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी एक पेटंट समोर ठेवलं. विषय तंतोतंत आमचाच, पण शीर्षकात होतं 'ॲनालाइट सेन्सर'. ॲनालाइट म्हणजे मोजायचा पदार्थ, मग तो कुठलाही असो. क्लेमची, म्हणजे पेटंटात ज्यावर हक्क सांगितलेला असतो त्या भागाची, व्याप्ती वाढावी म्हणून या क्षेत्रात तोच शब्द सर्रास वापरतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (मीही विचारलं नव्हतं म्हणा.)

तेव्हापासून मी शब्दांच्या आधी वर्गीकरण बघते, म्हणजे पेटंटाला विषयानुसार दिलेला सांकेतिक क्रमांक. ए६१बी ५/१४५३२ हा शरीरातली ग्लुकोज मोजण्याचा वर्ग, ५/१४८६ एन्झाइम इलेक्ट्रोडचा. शब्द त्यानंतर, जाळी बारीक करायला.

दुसरं म्हणजे, या कामात येणार असाल तर रसायनशास्त्र पक्कं करा. कायद्याचं ज्ञान कामातून येत जातं, पण सेन्सर कुठे अडतो हे कळलं नाही तर पेटंट का काढलंय तेच उमगत नाही. क्लार्क आणि लायन्स या संशोधकांनी १९६२ मध्ये एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ऑक्सिजन वापरून ग्लुकोजचं विघटन करतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि त्याच्यामुळे इलेक्ट्रोडमध्ये वाहणारा करंट मोजायचा. कागदावर हे सरळ आहे. त्वचेखाली मात्र ग्लुकोज भरपूर आणि ऑक्सिजन तुटपुंजा. म्हणून बाहेरून असं पटल लावतात, जे ग्लुकोजला अडवतं आणि ऑक्सिजनला वाट देतं. त्यात पॅरासिटामॉल घेतलं असेल तर तेही इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइझ होऊन आकडा फुगवू शकतं, मग त्याला रोखणारं आणखी एक पटल. ॲडम हेलर या संशोधकाने ऑस्मियम या धातूचा अंश असलेल्या पॉलिमरने एन्झाइम थेट इलेक्ट्रोडला 'जोडलं', म्हणजे ऑक्सिजनची गरजच कमी केली. मूळ कल्पना केव्हाच सगळ्यांना खुली झाली आहे. भांडणं होतात ती पटलावर, सुई आत सोडून परत ओढणाऱ्या ॲप्लिकेटरवर, आकडे दुरुस्त करणाऱ्या अल्गोरिदमवर.

आकृती बघून मत बनवू नका. आकृतीत अख्खं यंत्र दिसतं, क्लेम कदाचित फक्त त्या सुईचा असतो.

शब्द किती महाग पडतो ते बघायचं असेल तर अमेरिकेतला थेरासेन्स विरुद्ध बेक्टन डिकिन्सन हा २०११चा निकाल वाचा. वाद रक्तातली साखर मोजणाऱ्या पट्टीच्या पेटंटचा. त्याच कंपनीच्या जुन्या पेटंटात पटल 'ऐच्छिक, पण शक्यतो असावं' असं लिहिलं होतं. त्या चार शब्दांचा अर्थ पेटंटधारक कंपनीने अमेरिकी पेटंट कार्यालयाला एक सांगितला आणि युरोपातल्या कार्यालयाला आधी दुसराच सांगितला होता, हा आक्षेप. पेटंट कार्यालयाची फसवणूक कशाला म्हणायची, याचे निकष त्या निकालाने कडक केले. निकाल लांबलचक आहे. मला तो समजायला दोन शनिवार-रविवार लागले.

आणि पेटंटचे अर्ज दाखल केल्यापासून साधारण १८ महिने प्रसिद्धच होत नाहीत. 'असं पेटंट नाही' हे वाक्य मी आता लिहीत नाही. 'अमुक तारखेपर्यंत सापडलं नाही' असं लिहिते.