संगीत सादरीकरण आणि रचनेतली पीएचडी: या चुका टाळा

उत्तम वाजवणाऱ्या माणसाची पीएचडीही बहुतेक वेळा पहिल्याच पानावर अडते. ‘बाखच्या चेलो सुइट्सचा अभ्यास’ (जर्मन संगीतकार बाखच्या, चेलो या तंतुवाद्यासाठीच्या रचनामालिका) हा विषय झाला, प्रश्न नव्हे. या सुइट्सचं बाखच्या हातचं हस्तलिखित आज उपलब्ध नाही. त्याची पत्नी आना माग्दालेना हिने केलेली प्रत आहे, पण तिच्यात स्लरची, म्हणजे कुठले स्वर जोडून वाजवायचे ते दाखवणारी, रेघ कुठल्या स्वरावर सुरू होते आणि कुठे संपते, हे अनेक ठिकाणी कळत नाही. आता विचारा: एखाद्या प्रेल्यूडमधल्या (सुइटच्या सुरुवातीच्या भागातल्या) रेघांचे दोन वेगळे अर्थ लावले, तर बो (गज) कसा बदलतो आणि सांगीतिक वाक्याचा भार कुठे सरकतो? हे वाजवल्याशिवाय कळणार नाही. वाद्य बाजूला ठेवूनही उत्तर देता येत असेल, तर तो प्रबंध मोलाचा असेलही, पण या पीएचडीत प्रबंधासोबत जी मैफल द्यायची असते, ती त्याला जोडायचं कारण उरत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिकांवर मोजमाप करणाऱ्यांनी तर फार सावध राहावं. ज्यांना आपण सरसकट ‘७८ फेऱ्यांच्या’ (मिनिटाला) म्हणतो, त्या सुरुवातीच्या तबकड्या सगळ्या त्याच वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली की स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो आणि लय पाच टक्क्यांनी वाढते. अशा प्रतीवरून गायकाची पट्टी ठरवली, तर त्यावर उभं केलेलं प्रकरणच डळमळीत होतं. सॉनिक व्हिज्युअलायझर हे मोफत सॉफ्टवेअर लय अगदी बारकाईने मोजायला मदत करतं, पण तबकडी कुठल्या वेगाने उतरवली, हे त्याला सांगता येत नाही. शिवाय एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्यात बसवलेला ख्याल ऐकून ‘त्या काळी विस्तार थोडक्यात करत’ असं लिहिणं म्हणजे तबकडीची मर्यादा गायकाच्या माथी मारणं.

रियाजाच्या नोंदी त्याच दिवशी करा. काय बदललं, का बदललं आणि मुख्य म्हणजे काय टाकून दिलं. मैफलीचं ध्वनिमुद्रण शेवटचा निर्णय ऐकवतं. त्याआधी नाकारलेले पर्याय फक्त वहीतच सापडतात, आणि परीक्षक नेमकं त्यांच्याबद्दल विचारतात.

रचनाकार आपल्या रचनेसोबत जे टिपण देतात, त्यात वेगळीच गफलत होते. ‘इथे बासरी येते, मग व्हायोलिन्स’ असं पानोपानी वर्णन. स्कोअर, म्हणजे रचनेची लिखित स्वरलिपी, परीक्षकाच्या हातातच असतो. त्याला हवं असतं कारण. दुसरं, संगणकावरच्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांवर विसंबून वाद्यमेळ बांधू नका. तिथे बासरीचे खालचे स्वर पितळी वाद्यांच्या गर्दीतही स्वच्छ ऐकू येतात, कारण आवाजाची पातळी तुम्ही हाताने वाढवलेली असते. खऱ्या वाद्यवृंदात ते बुडतात. निदान एक उतारा वादकांकडून लवकर वाजवून घ्या, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहील.

मैफल आणि प्रबंध यांना किती वजन, हे विद्यापीठागणिक बदलतं. नियम प्रवेशाआधीच वाचा. साथीदारांची ध्वनिमुद्रणासाठीची लेखी संमती पहिल्या तालमीआधी घ्या. नंतर कुणी नकार दिला, तर तो पुरावा प्रबंधात वापरता येत नाही, आणि तीच मैफल पुन्हा होत नाही.