आधी रात्रीचे मुक्काम लिहा, मग तिकिटं काढा

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. दरवर्षी गणपती उठले की काउंटरवर एक ठरलेलं संभाषण होतं. "मॅडम, ती उंचीवरची गोळी द्या." कुठे निघालात? "अन्नपूर्णा सर्किट, दिवाळीत." किती दिवसांत? "चालायचे पाचच. आता मनांगपर्यंत जीप जाते ना!"

चिठ्ठीशिवाय गोळी मी देत नाही. पण स्टूल पुढे सरकवते आणि बिलाच्या कोऱ्या बाजूवर एक तक्ता काढते. त्यात किती किलोमीटर चालायचं हे नसतं. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं, एवढंच असतं. नेपाळातला मोठा ट्रेक ठरवताना पहिला कागद हाच हवा. रजा, विमान, गाइड, पैसे, सगळं त्याच्या मागून.

हिशोब सोपा आहे. भराभर वर गेलं की उंची लागते, म्हणजे डोकं दुखतं, मळमळतं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजच्या झोपण्याची उंची कालच्यापेक्षा साधारण ५०० मीटरहून जास्त वाढू द्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच गावात जास्तीची काढायची. दिवसा कितीही वर चढा, रात्री खाली येऊन झोपा. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रात कितीही गड केले तरी इतक्या उंचीची सवय शरीराला होत नाही. गडांनी मांड्या तयार होतात, तेवढंच. सातारा हिल मॅरेथॉन पळणारी पोरं मला सांगतात, "काकू, आमचा दम बघा." दम उत्तम आहे, पण दमाचा आणि उंची लागण्याचा संबंध नाही. उलट दमदार माणूस भराभरा वर जातो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो.

आता अन्नपूर्णा सर्किटचा, म्हणजे अन्नपूर्णेच्या डोंगररांगेला वळसा घालून थोरोंग ला ही खिंड ओलांडणाऱ्या वाटेचा तक्ता. काठमांडू किंवा पोखऱ्याहून गाडीने बेसीसहर, ते जेमतेम ७६० मीटरवर आहे. तिथून जीपने धारापानी, साधारण १,८६० मीटर, पहिली रात्र. पुढे चालत चामे, २,६७० मीटर. मग अप्पर पिसांग, ३,३००. ही उडी मोठी दिसते, पण तिची सुरुवात ३,००० च्या खालून आहे, चालते. वाटेत भ्राताङला सफरचंदांच्या मोठ्या बागा लागतात. तिथे थांबून सफरचंद खा, फोटोतच अर्धा तास घालवू नका.

पिसांगहून दोन वाटा फुटतात. खालची जीपच्या रस्त्याने, सपाट आणि धुळीची. वरची घ्यारू आणि ङवालवरून. गाइड कंटाळलेला असला की खालची सुचवतो, वरचीच घ्या. घ्यारूचा चढ नागमोडी आणि छातीवर येणारा आहे, पण वर पोचलं की समोर अन्नपूर्णा दोन अशी उभी राहते की बोलणं बंद होतं. ही गावंही नीट बघण्यासारखी आहेत: सपाट मातीची धाबी, धाब्याच्या कडेने रचलेली जळणाची लाकडं, शिडीऐवजी खाचा पाडलेला ओंडका, गावाच्या तोंडाशी मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत. भिंत नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. ङवालला झोपा, ३,६६० मीटर. दुसऱ्या दिवशी ब्रागाचा जुना गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बघून मनांगला या. ते ३,५४० वर आहे, म्हणजे ङवालपेक्षा थोडं खालीच. वरच्या वाटेचा खरा फायदा हा.

मनांगला दोन रात्री. यावर घासाघीस नाही. मधला दिवस लोळून काढायचा नसतो. गंगापूर्णा तळ्याच्या वरच्या टेकाडापर्यंत जाऊन या. तब्येत ठणठणीत असेल तर ४,६०० मीटरवरच्या आइस लेकला जाता येतं, पण त्यात अख्खा दिवस मोडतो आणि गुडघे बोलायला लागतात. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र मनांगला आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या आजारावर माहिती देतात. माझं रोजचं आयुष्य औषधांत जातं, तरी मी दर वेळी पुढच्या बाकावर जाऊन बसते.

मनांगनंतर याक खर्क, ४,०५०. मग थोरोंग फेदी, साधारण ४,४५०. काहीजण खिंडीचा दिवस छोटा व्हावा म्हणून त्याच दुपारी आणखी वर, हाय कॅम्पला, ४,८०० च्याही पुढे झोपायला जातात. मी नाही सुचवणार. फेदीला झोपा, पहाटे चारला निघा, वारा उठायच्या आत ५,४१६ मीटरची थोरोंग ला ओलांडा. पलीकडे मुक्तिनाथपर्यंत सुमारे १,६०० मीटर उतार आहे आणि लोकांचे हाल चढात नाही, या उतारात होतात. काठ्या दोन घ्या. नी-कॅप लावणार असाल तर ती आधी घरी वापरून बघा.

या तक्त्यात बेसीसहर ते मुक्तिनाथ नऊ दिवस झाले. त्यावर दोन दिवस मोकळे ठेवायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनी याच खिंडीवर बर्फ ओतलं. मनांग-मुस्तांग भागात चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यात ट्रेकर होते, गाइड होते, भारवाहक होते. तेव्हापासून निघण्याआधी मी डोंगराचं हवामान बघते तसं बंगालच्या उपसागराचंही बघते. मोकळा दिवस हाताशी असला की "उद्या थांबू" म्हणता येतं. परतीचं तिकीट डोक्यावर नाचत असलं की कोणी म्हणत नाही.

रजा तेवढी नसेल तर? मग हा ट्रेक नको. लांगटांगला जा, किंवा मनांगला दोन रात्री राहून आल्या वाटेने परत फिरा. खिंड न ओलांडता मनांगचं खोरं बघून येणं हा कमी दर्जाचा ट्रेक नाही. पण आपल्याकडे 'सर्किट केलं' हे सांगायला बरं वाटतं, त्याला इलाज नाही.

आता गाइड. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाइड सक्तीचा केला आणि त्यात आपणही परदेशीच. शिवाय अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं प्रवेशपत्र लागतं. सार्क देशांतल्यांना ते १,००० नेपाळी रुपयांत मिळतं, बाकीच्यांना ३,०००. एजन्सी ते काढून देते, पण बिलात तुम्हाला ३,००० लावलेत का ते बघा.

एजन्सीला फोन कराल तेव्हा 'पॅकेज कितीला' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी तुमचा मुक्कामांचा तक्ता पाठवा आणि विचारा, यात काय बदलाल? जो म्हणतो "मनांगची दुसरी रात्र काढून टाकू, पैसे वाचतील", त्याला नमस्कार करा. मग विचारा, आमच्यासोबत प्रत्यक्ष येणार कोण? त्याच्याशी आगाऊ रक्कम भरायच्या आधी बोलता येईल का? एकाला खाली न्यावं लागलं तर उरलेल्यांसोबत कोण? सहा-सात जण असाल तर सहायक गाइड हवाच, नाहीतर एकाच्या डोकेदुखीपायी सगळे खाली येतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो एकजण ओढत ओढत वर नेला जातो. भारवाहकांचा विमा आहे का, त्यांना खिंडीसाठी जाड कपडे आणि बूट आहेत का, हेही विचारा. दोघांत एक भारवाहक धरा आणि दोघांचं मिळून ओझं वीस किलोच्या आसपास ठेवा. बॅग पॅक करून घरच्या वजनकाट्यावर ठेवली की चौथा टी-शर्ट आपोआप बाहेर येतो.

चांगला गाइड ओळखायचा कसा? आमच्या गाइडची, आम्ही त्याला दाइ म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ म्हणतो, त्याची एक सवय सांगते. याक खर्कच्या लॉजमध्ये संध्याकाळी सगळे शेगडीभोवती गोळा झालेले. कुणी बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे ओरडतंय, कुणाचे ८८, कुणाचे ८३, जणू बोर्डाचे मार्क. दाइ तिकडे ढुंकून बघत नव्हता. तो ताटं बघत होता. दाळ-भातात दुसऱ्यांदा भात घेणाऱ्यांना त्याने सोडून दिलं. एका बाईंनी चार घास खाऊन ताट बाजूला सारलं, तर हा त्यांच्याशेजारी जाऊन बसला. डोकं दुखतं का, उलटीसारखं होतंय का, सकाळी लघवी किती वेळा झाली. मग त्यांना उठवून फरशीच्या एका सरळ रेघेवर टाचेला अंगठा लावत चालायला लावलं. चालल्या नीट. त्याने एवढंच ठरवलं की उद्या फेदीला जायचं नाही, इथेच थांबायचं. तिसऱ्या दिवशी बाईंनी दोनदा भात मागून घेतला आणि आम्ही वर गेलो.

त्या रेघेवर तोल गेला असता तर रात्रीच खाली न्यावं लागलं असतं. तोल जाणं, बरळणं, बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला: यातलं काहीही दिसलं की उजाडायची वाट बघायची नाही. मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज आल्याची ती लक्षणं आहेत. त्यावर पहिला उपाय म्हणजे खाली उतरणं. गोळ्या आणि ऑक्सिजन त्याच्या जोडीला. साधी डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आहे तिथेच थांबा, बरं वाटेपर्यंत वर नाही.

आता ती गोळी. अ‍ॅसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी मोठ्यांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आणि आधीच लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, घाबरू नका. मात्र जीपने एका दिवसात मनांग गाठायचा तो परवाना नव्हे. झोपेच्या गोळ्या आणि संध्याकाळचा पेग, दोन्ही घरी ठेवा.

विम्याबद्दल थोडक्यात: ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर दोन्ही धरलेत असं पॉलिसीत लिहून हवं. एजंटच्या तोंडी होकाराला किंमत नाही. हेलिकॉप्टर कोण बोलावणार हेही निघण्याआधी ठरवा. गरज नसताना ट्रेकर्सना खाली आणून विम्याची बिलं फुगवण्याचे प्रकार इतके झाले की २०१८ मध्ये नेपाळ सरकारला चौकशी लावावी लागली.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी नेपाळी पंचांगही बघावं. आपल्या दसऱ्याला त्यांचा दशैं असतो, त्यांचा सगळ्यात मोठा सण. त्याच्या आधीचे काही दिवस काठमांडूहून बाहेर पडणाऱ्या गाड्या तुडुंब भरतात आणि गाइड-भारवाहकांनाही घरी जायचं असतं. कपाळाला टिका लावून ते परतले की आपण पोचावं, हे उत्तम. हवाही तेव्हा धुतल्यासारखी असते. मार्च-एप्रिलही चांगला. पावसाळ्यात बेसीसहर ते चामे रस्त्यावर दरडी येतात.

विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र घ्या. आधारवर विसंबून विमानतळावर जाऊ नका. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात. वर लागणारी सगळी रोकड खाली असतानाच काढून घ्या, मनांगच्या एटीएमवर भिस्त नको. सिम नेपाळ टेलिकॉमचं. लॉजची खोली स्वस्त असते, कारण जेवण तिथेच घ्यायचं असा अलिखित करार असतो. तेव्हा खोलीत दार लावून घरून आणलेल्या दशम्यांवर जेवण उरकू नका. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी मात्र खुशाल न्या, दाळ-भाताबरोबर मजा येते. मनांगच्या वर मांसाहार टाळा, मांस कुठून आणि कधी चढून आलंय कुणास ठाऊक.

शेवटी एक गोष्ट, जी फक्त आपल्या लोकांत विचारली जाते. "आम्ही खिंड उतरून मुक्तिनाथला येऊ, आई-बाबांना पोखऱ्याहून जीपने तिथेच बोलावलं तर?" कल्पना छान आहे. १०८ धारा, ज्वालामाईची ज्योत, कागबेनीला काली गंडकीचं पात्र, देवघरातला शाळीग्राम जिथून आला ती नदी. पण पोखरा ८०० मीटरच्या आसपास आणि मुक्तिनाथ ३,८००. तुम्ही आठ रात्री घेऊन जी उंची गाठलीत, ती सत्तरीच्या बाबांना एका दिवसात गाठायला लावू नका. त्यांचाही तक्ता करा: एक रात्र कालोपानीला, साधारण २,५०० मीटर, एक मार्फा किंवा जोमसोमला, २,७०० च्या आत-बाहेर. मग सकाळी मुक्तिनाथचं दर्शन आणि झोपायला परत कागबेनी, २,८००. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असू द्या, जीपच्या टपावरच्या बॅगेत नाही. आणि देवळाच्या पायऱ्यांपर्यंत वर नेणारं घोडं असेल तर ते आधीच ठरवून ठेवा. "मी चालेन की" म्हणणारे बाबा निम्म्या वाटेत बसतात. जोमसोमचं विमान पकडणार असाल तर सकाळचंच घ्या, कारण दुपारपर्यंत खोऱ्यात वारा असा सुटतो की उड्डाणं होत नाहीत. तेही रद्द झालं तर जीपने पोखरा गाठायला पूर्ण दिवस जातो, तो दिवस काठमांडूच्या विमानाआधी मोकळा ठेवा.