जुन्या रिमना नवा रंग आणि गाडीच्या बाह्यरूपात घरी करता येणारे बदल

गाडीची चाके जुनी दिसू लागली की मनात पहिला विचार रंगाचा येतो. प्रत्यक्षात या कामातील निम्म्याहून अधिक वेळ स्प्रे कॅन हातात घेण्यापूर्वीच खर्च व्हायला हवा. रंग उडतो, फुगतो किंवा त्याचे पोपडे निघतात, तेव्हा दोष बहुधा रंगाचा नसून त्याखालच्या पृष्ठभागाचा असतो.

आपल्या रिममध्ये घरी दुरुस्त होण्यासारखे काय आहे, हे आधी ठरवावे. कडेला घासून पडलेले ओरखडे, उडालेला रंग, अॅल्युमिनियमवर आलेले पांढुरके डाग आणि पोलादी रिमवरचा वरवरचा गंज ही कामे घरी होतात. रिम वाकली असेल किंवा तिला बारीकशी जरी चीर गेली असेल, तर तिला घरी हात लावू नये. लांबी (खड्डे भरण्याची पुट्टी) भरून चीर झाकली जाते, पण तिथली ताकद परत येत नाही, आणि चाकाच्या बाबतीत असे झाकणे जिवावर बेतू शकते. म्हणून रिमची आतली बाजूही धुऊन, चांगल्या उजेडात नीट तपासावी. चिरा अनेकदा तिथेच सापडतात. ज्या अलॉय रिमचा दर्शनी भाग लेथवर कातून चमकवलेला असतो, तिचे बारीक वलयांचे काम हाताने पुन्हा साधत नाही. अशी रिम एकतर पूर्ण रंगवावी किंवा कारागिराकडे द्यावी.

चाक काढताना गाडी सपाट, टणक जमिनीवर असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडण लावलेली असावी. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करून मगच जॅक लावावा आणि गाडी उचलल्यावर तिचा भार स्टँडवर द्यावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. एका वेळी एकच चाक काढावे.

रिमवर चिकटून बसलेली तपकिरी-काळी धूळ मुख्यतः ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाच्या तापलेल्या कणांची असते आणि ती साबणाने पूर्णपणे निघत नाही. लोहकण विरघळवणारे क्लीनर फवारल्यावर हे कण जांभळे होऊन ओघळू लागतात. क्लीनर रिमवर वाळू न देता भरपूर पाण्याने धुवावे. उघड्या अॅल्युमिनियमवर तीव्र आम्ल किंवा कॉस्टिकयुक्त द्रव वापरू नये, कारण त्याने धातू काळवंडतो आणि खाल्ला जातो. समतोलासाठी आत चिकटवलेली वजने काढू नयेत. एखादे निघालेच, तर चाकाचे बॅलन्सिंग पुन्हा करून घ्यावे.

यानंतर घासकाम. कडेवरचे उंचवटे बारीक कानशीने हलक्या हाताने उतरवावेत, मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून 240, 400 आणि शेवटी 600 नंबरपर्यंत यावे. शेवटचे दोन टप्पे पाणी लावून केल्यास पेपर तुंबत नाही. जुना रंग जिथे घट्ट आहे तिथे तो खरवडून काढण्याची गरज नाही, मात्र रंग आणि उघडा धातू यांच्या सीमेवर पायरी राहू नये. डोळे मिटून त्या सीमेवरून बोट फिरवावे. बोटाला जाणवलेली पायरी चकचकीत रंगाखाली दुप्पट ठळक दिसते. खोल ओरखड्यांसाठी अॅल्युमिनियमयुक्त इपॉक्सी लांबी भरावी, पण फक्त बाहेरच्या कडेवर आणि दर्शनी भागावर. टायर जिथे रिमवर बसतो तिथे लांबीही नको आणि रंगही नको. लांबी वाळल्यावर तिच्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून पेपर फिरवला की खोलगट जागा काळ्या राहतात आणि अजून कुठे भरायचे आहे ते आपोआप कळते. ही छोटीशी युक्ती मला सर्वांत उपयोगी वाटते.

आता या कामातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मी चूक करून शिकलो. पहिल्यांदा रिम रंगवताना मी नटांची छिद्रे झाकली नव्हती; नट जिथे टेकतात त्या उतरत्या बैठकींवर आणि हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) चिकटणाऱ्या मागच्या सपाट भागावर रंगाचे दोन-तीन हात छान बसले होते. काही दिवसांनी गाडी चालवताना हलकी थरथर जाणवली, म्हणून पान्हा लावून पाहिला, तर एका चाकाचे नट सैल झालेले होते. कारण साधे आहे : धातूवर धातू घट्ट दाबला गेल्यामुळे नटांची पकड टिकते, आणि त्या दोहोंमध्ये रंगाचा थर आला की तो दाबाने व ब्रेकच्या उष्णतेने चेपला जातो, तितकी पकड ढिली होते. म्हणून नटांच्या बैठकी आणि हबचा संपर्कभाग आधी मास्किंग टेपने झाकावा, चुकून रंग गेलाच तर तो पुसून काढावा, आणि हबवरचा गंजही तारेच्या ब्रशने साफ करावा.

टायर न काढता रंगवायचे असल्यास जाड कागदाचे किंवा जुन्या पत्त्यांचे तुकडे टायर आणि रिम यांच्यातील फटीत सभोवार खोचावेत. वॉल्व्हवर टेप गुंडाळावी. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. घासलेल्या अॅल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर धरू लागतो, तेव्हा घासणे आणि प्रायमर ही कामे एकाच दिवशी उरकावीत. उघड्या अॅल्युमिनियमला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातू किंचित खाऊन त्याला घट्ट धरणारा प्रायमर लागतो. साधा प्रायमर तिथे नीट धरत नाही. दमट किंवा वाऱ्याच्या दिवशी काम टाळावे, जागा हवेशीर असावी आणि योग्य फिल्टरचा मास्क घालावा. हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअर कोटमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) आयसोसायनेट असते आणि ते फुप्फुसांना घातक असल्याने घरी मी तो वापरत नाही.

कॅन रिमपासून 20 ते 25 सेंटिमीटर अंतरावर धरून, फवारा रिमच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. पहिला हात इतका विरळ असावा की खालचा प्रायमर दिसत राहील. दोन हातांमध्ये 10 ते 15 मिनिटे थांबून रंगाचे तीन-चार आणि मग हार्डनर नसलेल्या साध्या क्लिअर कोटचे दोन-तीन हात द्यावेत. ओघळ आलाच तर ओला असताना पुसू नये. पूर्ण वाळल्यावर घासून पुन्हा फवारावे. किमान एक दिवस वाळू देऊन चाक चढवावे, नट समोरासमोरच्या क्रमाने गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनुसार (आवळण्याच्या जोरानुसार) आवळावेत आणि 50 ते 100 किलोमीटर धावल्यावर ते पुन्हा तपासावेत.

बाह्यरूपातील बदलांचे गणितही वेगळे नाही. काचांभोवतीच्या क्रोम पट्ट्या काळ्या करायच्या असतील, तर रंगापेक्षा व्हायनिल (चिकटवायची प्लास्टिकची फिल्म) बरे. ते मागे घेता येते. कडा पट्टीच्या मागे काही मिलिमीटर दुमडून हेअर ड्रायरने ऊब द्यावी आणि ब्लेड गाडीच्या रंगावर कधीही टेकवू नये. पार्किंग सेन्सरवर किंवा ज्या ग्रिलच्या अथवा बोधचिन्हाच्या मागे रडार आहे त्यावर व्हायनिल, रंग किंवा सजावट चढवू नये. दिव्यांवर काळी फिल्म लावणे तर मी पूर्णपणे टाळतो, कारण त्याने प्रकाश कमी होतो.

पुढच्या बंपरखालची लिप (पुढे आलेली पातळ पट्टी) किंवा डिकीवरचा छोटा स्पॉइलर दुहेरी फोम टेपने बसवता येतो. आधी तो भाग मास्किंग टेपने तात्पुरता लावून दोन्ही टोकांची उंची मोजावी, आणि लिपच्या बाबतीत उतारावर ती जमिनीला घासत नाही ना तेही पाहावे. रंग न दिलेल्या प्लास्टिकला टेपही नीट धरत नाही आणि रंगही, त्यामुळे अॅढीजन प्रमोटरचा (पकड वाढवणाऱ्या द्रवाचा) हात आवश्यक आहे. लिप मोठी असेल, तर टेपच्या जोडीला बंपरच्या खालून स्क्रूही द्यावेत. पत्र्याला छिद्र पाडावेच लागले, तर त्याच्या कडेला लगेच प्रायमर लावावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. भाग बसवल्यावर संपूर्ण लांबीभर जोराने दाबावा. अशा टेपची पूर्ण पकड यायला साधारण 72 तास लागतात, म्हणून तेवढा काळ गाडी धुऊ नये आणि वेगाने चालवूही नये.